सण आले की आमचं बिनसतं

गणपतीचं विसर्जन झालं, पितृपक्ष लागला, की जोडप्यांचं समुपदेशन करणाऱ्या माझ्याकडे एक तक्रार येऊ लागते. नवरात्रात ती वाढते. भाऊबीज उलटली की आठवडाभर फोन थांबत नाही, आणि नाताळच्या सुट्ट्या संपल्यावर जानेवारीत पुन्हा तेच. जोडपी वेगळी, वयं वेगळी, बोलणं मात्र जवळजवळ एकच. "मॅडम, एरवी आमचं बरं चालतं हो. सण आले, सुट्ट्या आल्या की बिनसतं. फिरायला जाताना आनंदात जातो आणि येताना एकमेकांशी बोलतसुद्धा नाही."

थोडं थांबून बहुतेक जण आणखी एक सांगतात. "सगळ्यांचे स्टेटस बघितले की वाटतं, आमच्यातच काहीतरी खोट आहे."

हे दुसरं मला जास्त काळजीचं वाटतं. भांडण एका दिवसाचं असतं. आपल्या संसारात खोट आहे ही समजूत मात्र वर्षभर मुरत राहते. म्हणून पहिल्याच भेटीत मी एक गोष्ट सांगून टाकते. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९६७ साली आयुष्यात ताण आणणाऱ्या ४३ घटनांची एक यादी केली. जोडीदाराचा मृत्यू सगळ्यात वर, १०० गुण. लग्नाला ५०. आणि त्याच यादीत, अगदी खालच्या बाजूला, सुट्टीवर जाण्याला १३ गुण आहेत आणि नाताळच्या सणाला १२. गुण थोडे आहेत, पण सण आणि सहल या दोन्हींची नोंद ताणाच्या यादीत आहे, हे ऐकूनच कित्येकांचे खांदे सैल होतात. आपल्याकडे तर नवरात्र, दसरा, कोजागरी, वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंतची दिवाळी, तुळशीचं लग्न, मग डिसेंबरची सहल, असं सगळं तीन महिन्यांत एकापाठोपाठ येतं. तेव्हा कुरबुरी होणारच. पण त्या दरवर्षी त्याच जागी, त्याच शब्दांत होत असतील, तर तिथे थांबून पाहावं लागतं.

अश्विनी आणि निखिल (नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही, लिहायला दोघांची परवानगी आहे) माझ्याकडे आले ते कासच्या सहलीनंतर. लग्नाला दहा वर्षं झालेली, सात वर्षांची एक मुलगी. तो हिंजवडीत नोकरीला, ती बँकेत. सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर फुलं येतात, म्हणून निखिलनं आधीच ऑनलाइन तिकिटं काढली होती, पहाटे साडेपाचला निघायचं ठरवलं होतं. यवतेश्वरच्या घाटात मुलीला उलटी झाली. पठारावर पोचेपर्यंत दोघांत कडाक्याचं वाजलं होतं, आणि परतीच्या वाटेवर पुण्यापर्यंत कोणीच बोललं नाही.

"मी सगळं ठरवतो, मॅडम. तिकिटं, गाडी, कुठे थांबायचं, कुठे खायचं. हिला काही करावं लागत नाही. तरी हिचा चेहरा पडलेलाच."

"मला काही करावं लागत नाही? चार वाजता उठून डबे कोणी भरले? तिचे कपडे, टोपी, औषधं? आणि तीन तास गाडीत एक शब्द नाही हा बोलला. मी फुलं बघायला नव्हते गेले, निखिल."

"मग कशाला आली होतीस?"

याचं उत्तर तिनं दिलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "दिवाळीत चार दिवस घरी राहायचं म्हटलं की ह्याच्या जिवावर येतं. लक्ष्मीपूजन झालं की हा टायरची हवा तपासून आलेला असतो. गेल्या वर्षी पाडव्याला दुपारीच आम्ही दापोलीच्या रस्त्याला. औक्षणाचं ताट तसंच ओट्यावर."

"घरी बसून करायचं काय?" निखिल म्हणाला. "ही स्वयंपाकघरात, मी हॉलमध्ये."

त्याचं हे बोलणं मी वहीत लिहून घेतलं. तक्रारीसारखं वाटलं तरी त्यात खंत होती. तिला जसं गाडीत एकटं वाटत होतं, तसंच त्याला घरात. दोघांना एकच दुखत होतं, आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

अशा जोडप्यांना घरचे, मित्र, मासिकं एकच सल्ला देतात: एकमेकांना वेळ द्या, चार दिवस कुठेतरी जाऊन या. मला हा सल्ला अपुरा वाटतो. अश्विनी-निखिल भरपूर वेळ देत होते. दर वर्षी सहली वाढत होत्या, हॉटेलं चांगली होत होती, आणि परत आल्यावरचा अबोलाही लांबत होता. घरात जे मिळत नाही ते सगळं सहलीत मिळावं अशी अपेक्षा घेऊन माणूस निघाला, की कितीही चांगली सहल तोकडीच पडते.

दुसऱ्या भेटीत चकलीचा विषय निघाला. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात अश्विनी बँकेतून येऊन रात्री दहानंतर फराळ करायला घेते. गेल्या वर्षी साडेअकराला निखिल पाणी प्यायला आत आला, तिचा घामेजलेला चेहरा पाहिला आणि म्हणाला, "कशाला मरतेस एवढी? उद्या विकत आणू." तिनं सोऱ्या सिंकमध्ये टाकला आणि झोपायला निघून गेली.

"मी काय चुकीचं बोललो?" निखिल मला विचारत होता, अगदी मनापासून. "तिचा त्रास कमी व्हावा म्हणूनच ना?"

"ह्याला वाटतं मला चकल्यांचा त्रास होतो," अश्विनी म्हणाली.

"मग कशाचा होतो?" मी विचारलं.

तिला सांगता येईना. माणूस जोडीदाराला जे मागतो ते पुष्कळदा त्याला स्वतःलाही शब्दांत मांडता येत नाही, कारण ती मागणी फार जुनी असते. त्या काळी ती मागावी लागत नसे, आपोआप मिळत असे. म्हणून अशा ठिकाणी मी वर्तमानातलं भांडण बाजूला ठेवते आणि एक पिढी मागे जाते. मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञांची मी ऋणी आहे. नवरा-बायकोच्या खोलीत त्यांच्या आई-वडिलांची घरंही हजर असतात, हे त्यांच्या विचारातून मी शिकले, आणि वीसेक वर्षांच्या कामात ते मला पुन्हा पुन्हा खरं दिसलं आहे. सणांत तर जास्तच. ऑफिसचं वेळापत्रक, मुलांची शाळा, घराचे हप्ते हे सगळं आपण मोठेपणी शिकतो. पण सण कसा असतो हे आपण शाळेत जाण्याआधीच ठरवून बसलेलो असतो.

तिसऱ्या भेटीत मी दोघांना एकेक कोरा कागद दिला. म्हटलं, लहानपणच्या घराचा नकाशा काढा. नरक चतुर्दशीची पहाट, पाच वाजलेत. घरात कोण कुठे आहे, ते दाखवा. बोलायचं नाही, एकमेकांच्या कागदात बघायचं नाही.

अश्विनीचा कागद भराभर भरला. निखिल बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसला होता.

आधी त्याचा कागद घेतला. बार्शीतलं दोन खोल्यांचं घर. मागच्या अंगणात बंब, त्याच्याजवळ आई. आतल्या खोलीत झोपलेली धाकटी बहीण. पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर एक लहान आकृती, तो स्वतः. आणि घराच्या रेषेबाहेर, कागदाच्या अगदी कडेला, एक लांबट चौकोन.

"हे काय आहे?"

"गाडी," तो म्हणाला. "बाबांची."

निखिलचे वडील एसटीत चालक होते. दिवाळीत जादा गाड्या सुटतात, गावोगावची माणसं घरी पोचवायची असतात. त्यामुळे चालकांना नेमकी दिवाळीतच रजा नसते. निखिलच्या आठवणीतल्या दिवाळीत पहाटे आई बंब पेटवायची, तेल कोमट करायची आणि म्हणायची, "बाबा येऊ देत, मग फटाके लावू." शेजारच्यांची अंघोळ होऊन लवंगी फुटायला लागायची. हा उंबऱ्यावर फटाक्यांची पिशवी मांडीवर घेऊन. उजाडायचं. आई पुन्हा एकदा तेल गरम करायची. बाबा यायचे कधी दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी, आणि आल्या आल्या झोपायचे, कारण रात्री पुन्हा ड्यूटी असायची.

"कोणी काही वाईट नव्हतं," तो पटकन म्हणाला. "बाबा चांगले होते. फक्त दिवाळीत घरी थांबलं की वाट बघण्याशिवाय काही नसायचं."

मी विचारलं, "एकही दिवाळी अशी नाही का, की सगळे एकत्र होते?"

तो गप्प झाला. अशा वेळी मी घाई करत नाही. समोरचा माणूस एखाद्या खोलीचं दार उघडत असेल, तर आपण त्याच्या हातावर हात ठेवू नये. अश्विनी त्याच्याकडे बघत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या बघण्यात राग नव्हता.

"एकदा होतो," निखिल म्हणाला. "मी चौथीत असेन. बाबांना बार्शी-मुंबई लागली होती. आई म्हणाली, दर वेळी आम्ही वाट बघतो, या वेळी आम्ही येतो. कुटुंबाचा पास होता. आम्ही तिघं बाबांच्या मागच्या सीटवर. रात्रभर गाडी चालू. कंडक्टरकाकांनी मला तिकिटाला भोक पाडायचा पंच दिला होता. आईनं डब्यातून शंकरपाळे आणले होते, ते सगळ्या गाडीला वाटले. खंडाळ्याच्या घाटात उजाडलं तेव्हा बाबांनी आरशातून मागे बघितलं आणि आईला म्हणाले, झाली का दिवाळी तुझी? आणि आई हसली." मग त्यानं चष्मा काढला आणि पुसत बसला. बराच वेळ पुसत होता.

अश्विनीचं पहिलं बोलणं होतं, "दहा वर्षांत हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. आणि मलाही... आत्ताच आठवलं नीट."

"म्हणून तू आम्हाला गाडीत घालून नेतोस?"

तो काही बोलला नाही. तीच थोड्या वेळानं म्हणाली, आणि हा प्रश्न मला सुचला नसता, "मग गाडीत बोलत का नाहीस माझ्याशी?"

निखिलनं तिच्याकडे पाहिलं. "चालू गाडीत चालकाशी बोलू नये, असं लिहिलेलं असायचं बाबांच्या डोक्यावर. आम्ही कोणी बोलत नव्हतो. नुसते जवळ बसलो होतो. मला वाटायचं, तुलाही तसंच..."

अश्विनी हसली आणि रडलीही.

मग तिचा कागद. सांगलीतलं मोठं घर, पण माजघर, सोपा, माडी सगळं जवळजवळ कोरं. बाहेरच्या खोलीत दोन-तीन आकृत्या, "काका, बाबा, पेपर वाचतायत". आणि स्वयंपाकघरात गर्दी. आजी, आई, दोन काकू, आत्या, मोठी चुलतबहीण.

निखिल वाकून बघत होता. "एवढ्या जणी? यात तू कुठेयस?"

"ही. धाकट्या काकूच्या मांडीला टेकून." आणि तिनं सांगितलं की पहाटेपेक्षा तिच्या मनात आदल्या रात्री जास्त आहेत. जेवणं आवरली की सगळ्या जणी कढईभोवती बसायच्या. एक भाजणी मळतेय, एक सोऱ्या दाबतेय, एक तळतेय. आणि गप्पा. दिवसभर ज्या बायका एकमेकींशी जेमतेम बोलायच्या, त्या रात्री एकपर्यंत खिदळायच्या. घरातली सगळी गुपितं तिला त्या रात्रींत कळली. चकली मोडली तर ती तिची. झोप लागली तर कोणीतरी उचलून नेऊन ठेवायचं.

निखिल हळूच म्हणाला, "म्हणजे तुला चकल्या नको आहेत. मी येऊन बसायला हवंय."

"चकल्याही हव्या आहेत," अश्विनी म्हणाली.

त्या क्षणी मला जे स्पष्ट दिसलं ते मी दोघांना सांगितलं. तुम्ही दोघंही दर वर्षी एकमेकांना बोलावत आला आहात. निखिल अश्विनीला बोलावतो ते त्या गाडीत, चालकाच्या मागच्या सीटवर, जिथे त्याचं सगळं कुटुंब एकदाच एकत्र होतं. अश्विनी निखिलला बोलावते ते त्या कढईपाशी. तो "चल, जाऊ या" म्हणतो तेव्हा तिला ऐकू येतं, "तुझ्या घरात मला राहायचं नाही." ती "घरीच थांबू या" म्हणते तेव्हा त्याला ऐकू येतं, "बस वाट बघत." दोघांनीही कधी नकार दिलेला नव्हता. बोलावणंच पोचत नव्हतं.

या गोष्टीचा मला अजूनही आनंद होतो, कारण तेव्हापासून कितीतरी जोडप्यांत मी हेच शोधलं आणि मला ते सापडलं. पाडव्याच्या साडीवरून, फटाक्यांच्या खर्चावरून, ३१ डिसेंबर मित्रांबरोबर की घरी यावरून भांडणारी माणसं तपासून पाहिली, तर प्रत्येकाच्या हातात एकेक जुनी निमंत्रणपत्रिका असते. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी सियाटलमध्ये नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि सहा वर्षांनी त्यांची पुन्हा चौकशी केली. जी टिकली होती, त्यांनी जोडीदाराच्या लहानसहान हाकेला १०० पैकी ८६ वेळा प्रतिसाद दिला होता. जी वेगळी झाली होती, त्यांनी ३३ वेळा. या हाका मोठ्या नसतात. "हे बघ ना", "जरा इकडे ये", "चहा घेणार का". पण हाक ओळखू आली तर प्रतिसाद देणार ना? एकाची हाक गाडीच्या किल्लीत असते आणि दुसऱ्याची सोऱ्यात, हे माहीत नसेल तर चांगल्या मनाची माणसंही वर्षानुवर्षं हुकत राहतात.

इथे एक गोष्ट मात्र मी सोडून देत नाही. आठवणी उलगडल्या म्हणून कामाचा हिशेब मिटत नाही. अश्विनीच्या कागदावर सहा-सात बायका होत्या. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती एकटी. तेवढेच पदार्थ, तेवढीच साफसफाई, तेवढेच पाहुणे, आणि वर नोकरी. एकत्र कुटुंबातला सण आपण जसाच्या तसा छोट्या घरात आणला आणि हात मात्र दोनच ठेवले, तेही बाईचेच. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, असं दिसलं. ही वर्षभराची सरासरी आहे. त्यामुळे मी निखिलला स्पष्ट सांगितलं, स्वयंपाकघरात स्टूल टाकून गप्पा मारायला बसणं पुरणार नाही. पदार्थ कमी करा, नाहीतर हात वाढवा. दोन्ही केलंत तर उत्तम.

मग आम्ही कॅलेंडर घेतलं. हे काम मी दसऱ्याच्या आत करायला लावते. धनत्रयोदशीला बसून ठरवायला गेलं तर ठरत काहीच नाही, भांडण मात्र होतं. दोघांनी मिळून ठरवलं ते असं. कोजागरीला कुठेही जायचं नाही, सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवायचं. फराळाचे तीनच पदार्थ घरी: चकली, शंकरपाळे, चिवडा. लाडू-करंज्या विकत, आणि त्याबद्दल कोणालाही, अगदी सासूबाईंनाही, स्पष्टीकरण द्यायचं नाही. शंकरपाळे निखिलनं सुचवले; का, ते दोघांनाही कळलं. भाजणी गिरणीवर नेणं, पंखे पुसणं आणि मुलीबरोबर किल्ला करणं त्याच्याकडे. भाऊबिजेपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही. त्यानंतर दोन दिवस दिवेआगर.

नरक चतुर्दशीच्या पहाटेबद्दल मी वेगळं बोलले. निखिलला म्हटलं, घरी थांबणार आहात, पण नुसतं थांबू नका. त्या पहाटे तुमच्या हाताला काम हवं. वाट बघण्याची सवय असलेल्या माणसाला रिकामा सण सोसत नाही. त्यानं मुलीला तेल लावायचं, उटणं लावायचं, पाणी काढायचं, आणि पहिली फुलबाजी उजाडायच्या आत लावायची. कोणाचीही वाट न बघता.

दिवाळीनंतर दोघं आले. सगळं गोड झालं असं काही नव्हतं. चकलीच्या रात्री निखिलनं पहिला घाणा करपवला आणि दोघांची जुंपली. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तो किल्ली घेऊन खाली गेला, "नुसती गाडी धुतो" म्हणाला आणि तास लावला. अश्विनीला राग आला. पण या वेळी ती खाली गेली आणि बादली धरून उभी राहिली. "मला ओळखू आलं ना आता," ती म्हणाली. "हा पळत नाही. ह्याला त्या गाडीपाशी बरं वाटतं."

दिवेआगरला जाताना ताम्हिणीच्या पुढे तिनं गाडी चालवायला घेतली. लायसन्स तिच्याकडे पूर्वीपासून होतं. त्याच्या शेजारी बसून ती कधी चालवत नव्हती, आणि त्यानंही कधी म्हटलं नव्हतं. निखिल मागे मुलीजवळ बसला. माणगावपर्यंत तो इतका बोलला, म्हणाली, की मीच शेवटी सांगितलं, चालकाशी बोलू नये.

निखिलनं बार्शीला जाऊन वडिलांना त्या मुंबईच्या फेरीबद्दल विचारलंही. त्यांना ती फारशी आठवत नव्हती. आठवत होतं ते एवढंच, की कुटुंब गाडीत असल्यामुळे घाटात त्यांना नेहमीपेक्षा जास्त भीती वाटली होती. निखिलला हे ऐकून वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण तो म्हणाला, "बरं झालं कळलं. मीही गाडीत गप्प असतो तेव्हा निम्मी भीतीच असते." वडिलांकडून मुलाकडे काय काय येतं ते असं कधीतरी विचारल्यावरच कळतं. ज्यांचे आई-वडील आहेत त्यांनी या दिवाळीत जरूर विचारावं.

आता ज्यांना ही गोष्ट आपलीच वाटतेय त्यांच्यासाठी थोडं. कागदाचा प्रयोग घरी करता येतो. मुलं झोपल्यावर करा, आणि एक नियम पाळा: जोडीदाराचा कागद बघून "आमच्याकडे असं नव्हतं" म्हणायचं नाही. प्रश्न विचारायचे. कोण कुठे होतं? कोण नव्हतं? कोणाचा आवाज येत होता? काही जणांच्या कागदावर दुःख निघतं: दारू पिणारे वडील, गेलेलं भावंड, फराळाला पैसे नसलेलं वर्ष. तेव्हा तिथेच थांबावं, जवळ बसावं, उपाय सांगू नये. ज्या माणसाला सण म्हटला की धास्ती वाटते, त्याला "एवढं काय त्यात, आनंदाचा दिवस आहे" असं म्हणणं फार जिव्हारी लागतं.

सहलीबद्दलही एक सांगते. जागा निवडण्याआधी प्रत्येकानं एकच गोष्ट सांगावी: परत येताना माझ्याजवळ काय असायला हवं? कोणी म्हणतं झोप, कोणी म्हणतं समुद्र, कोणी म्हणतं तुझ्याशी निवांत बोलणं. त्यानुसार ठिकाण ठरवा. झोप हवी असलेल्या बायकोला पहाटे साडेपाचला गाडीत बसवून फुलं दाखवायला नेलं, तर फुलांचा काय दोष? आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोकणाच्या, गोव्याच्या रस्त्यांवर काय होतं ते आता सगळ्यांना माहीत आहे. जोडप्याला जवळ यायचं असेल तर तो आठवडा मी कधीच सुचवत नाही. जानेवारीतला एखादा साधा शनिवार-रविवार बघा.

परदेशातली मराठी जोडपीही मला ऑनलाइन भेटतात, आणि त्यांच्याकडे हेच जरा वेगळ्या रूपात असतं. न्यू जर्सीत लक्ष्मीपूजन आपल्या घरी एकटं, रात्री ऑफिसातून आल्यावर, आणि मंडळाची दिवाळी सोयीच्या शनिवारी. मग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सलग सुट्टी मिळते, तेव्हा एकाला मित्रांकडे जायचं असतं आणि दुसऱ्याला पुण्याची आठवण येऊन घरात बसून राहायचं असतं. तिथे कढईभोवती बसायला माणसं आणखीनच कमी. अशा घरांत मी मुद्दाम एक पदार्थ, एक रात्र, दोघांचे चार हात एवढंच ठरवायला सांगते.

पण हे सगळं दोन चांगल्या मनाच्या, हुकणाऱ्या माणसांसाठी आहे. सणात मारहाण होत असेल, माहेरी जायला बंदी असेल, पगार काढून घेतला जात असेल, चारचौघांत अपमान होत असेल, तर तिथे हाक ओळखण्याचा प्रश्न नाही. तिथे कागद-पेन्सिल घेऊन बसू नका. १८१ हा महिला मदत क्रमांक आहे, त्यावर बोला. आणि सण जवळ आला की झोप उडणं, रडू येणं, जगण्यात अर्थ न वाटणं असं होत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

अश्विनी आणि निखिल अजून येतात, तीन-चार महिन्यांतून एकदा. भाऊबिजेला सांगलीला जायचं की निखिलच्या बहिणीला पुण्यात बोलवायचं, हे गेल्या वर्षी ठरलं नव्हतं आणि शेवटच्या क्षणी दोन्ही घरं दुखावली. या वर्षी त्यांनी तो विषय श्रावणातच काढला. अजून ठरलेलं नाही. पण जे काही ठरेल ते आपापल्या आईला आपण स्वतः फोन करून सांगायचं, जोडीदाराच्या नावावर ढकलायचं नाही, एवढं दोघांनी माझ्यासमोर कबूल केलं आहे.